एक क्रॉक्स कोयनेत गेली

सांगलीच्या माणसाला पाऊस एन्जॉय करता येत नाही. हे मला लग्नानंतर कळलं. माझं माहेर साताऱ्याचं, आमच्याकडं पाऊस म्हंजे यवतेश्वरच्या घाटात गाडी बाजूला घेऊन भाजलेलं कणीस खायचं, ठोसेघरला धबधबा बघायला जायचं आणि घरी येऊन शिंकत बसायचं. सासरी जुलै उजाडला की आबा (सासरे) सकाळी पेपर उघडून पहिल्यांदा कोयना धरणाचा आकडा बघतात, मग निधनवार्ता, मग बाकीचं जग. टीएमसी (म्हंजे अब्ज घनफूट पाणी) किती झालं, आवक किती, विसर्ग किती, आणि मग फोनवर त्यांच्या मित्राला "कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर, तिन्हीकडं लागलाय बघ" असं इतक्या गंभीरपणे सांगतात की नवीन माणसाला वाटावं हे स्वतः दरवाजे उचलायला निघालेत.

घर गावभागात, म्हंजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं. आमच्या जिन्याच्या भिंतीवर आबांनी तिन्ही सालांच्या रेघा मारून ठेवल्यात, रंग देणाऱ्याला दर वेळी सांगायचं, एवढी पट्टी सोडून रंगवायचं. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी, हे आमच्या धाकट्याला पाढे यायच्या आधी पाठ होतं. तो सहा वर्षांचा आहे.

तर अशा घरातल्या माणसांना घेऊन कोयनेच्याच बॅकवॉटरला टेंटमध्ये राहायला जायचं ही आयडिया माझ्या दादाची. सप्टेंबरचा शेवट, कासची फुलं पण बघू, मग खाली बामणोलीला एक रात्र टेंट, लेक व्ह्यू, कॅम्पफायर, पोरांना मजा. "आणि पाऊस?" म्हटलं. "पाऊस गेला गं आता." दादा बँकेत आहे पण हवामानाबद्दल नेहमी वेधशाळेतून रिटायर झाल्यासारखा बोलतो.

नावं लिहिली तर मला घरात घेणार नाहीत म्हणून नुसतं सांगते कोण कोण होतं. आम्ही सहा, म्हंजे मी, नवरा, आबा, सासूबाई, थोरली (बारा वर्षं, सगळ्याचा कंटाळा येतो) आणि धाकटा. दादा, वहिनी आणि त्यांची जुळी. पुण्याहून बहीण आणि तिचा मुलगा, तिच्या नवऱ्याला ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं, त्याला दर वर्षी निघतं. एकूण बारा माणसं, त्यातली पाच पोरं. आबा येणार नाहीत असंच मी धरून चालले होते पण कोयना म्हटल्यावर स्वतः आधी बॅग भरून तयार. "बघू तरी एकदा जवळनं, काय करतंय ते," म्हणाले. जशी काय सोयरीक बघायला चाललेत.

सासूबाईंनी सांगलीचं भडंग भरून दोन मोठे डबे घेतले. हे लक्षात ठेवा.

सांगली ते सातारा प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, एक उलटी (जुळ्यांपैकी नव्हे, ती साताऱ्यातच होती, आमचा धाकटा), कराडजवळ चहा. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, माहेरी अर्धा तास टेकलो आणि समर्थ मंदिराकडून वर निघालो. यवतेश्वरच्या पुढं गेलो आणि गाडीच्या काचेवर पहिला थेंब पडला. आबांनी घड्याळ बघितलं. खरंच बघितलं.

कासवर धुकं इतकं की फुलं बघायची तर वाकून बघावी लागत होती, पण मला वाटतं तेच बरं झालं. ऊन असलं की सगळे लांबून फोटो काढतात, रंगाचे पट्टे पट्टे येतात आणि घरी येतात. धुक्यात पायापुढचं हातभर दिसतं म्हणून मग पोरं उकिडवी बसली. पिवळं मिकी माउसचं फूल, खरंच दोन कान असल्यासारखं, ते सापडल्यावर जुळी किंचाळली. गेंद म्हणजे पांढऱ्या टाचण्या खोचून ठेवल्यासारखे. तेरडा सगळीकडं. आणि मग ती निळी-जांभळी सीतेची आसवं. दादा म्हणाला हे झाड किडे खातं, पाण्यात बारीक बारीक पिशव्या असतात त्यात अडकवतं. धाकट्यानं लगेच हात मागं घेतला आणि नंतर पूर्ण पठारभर हात खिशात घालून चालला. वर झाडं का नाहीत म्हणून थोरलीनं विचारलं (कंटाळा येत असताना विचारलं, म्हणून नोंद करून ठेवते), तर खाली सगळा जांभ्याचा सडा, माती वर इंचभर, मुळं जाणार कुठं. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हापासून गर्दी इतकी वाढली की आता फुलांच्या दिवसांत बुकिंग करून जावं लागतं. आम्ही लहान असताना बाबा स्कूटरवर पुढं एक मागं दोन असं बसवून न्यायचे, तेव्हा या पठारावर आम्ही, ढग आणि म्हशी.

तिथून कास तलाव मागं टाकून रस्ता खाली बामणोलीला उतरतो. एका वळणावर एकदम सगळं पाणी दिसतं. शिवसागर, म्हंजे कोयना धरणाचा जलाशय. डोंगरांच्या मधनं वळत वळत गेलेलं, पार दिसेनासं होईपर्यंत. "वॉव" असं तिन्ही गाड्यांमध्ये एकदमच झालं असणार. आमच्या गाडीत मात्र वॉव झाल्यावर थोडी शांतता झाली आणि मागच्या सीटवरून आबा म्हणाले, "भरलंय की ओ."

सासूबाई म्हणाल्या, "अहो बघा तरी किती छान दिसतंय." "छान आहेच," आबा म्हणाले, "१०५.२५ ला भरतंय. काल १०४ च्या वर होतं."

कॅम्प म्हंजे काठावर उतारावर सहा टेंट, एक पत्र्याची शेड, एक संडास आणि एक कुत्रं. जागा झकास, ते नाकारता येणार नाही. पाण्यापासून टेंट वीसेक पावलांवर. मालकाचा पोरगा म्हणाला रात्री आकाश बघा, तारेच तारे. त्या वेळी वर आभाळ असं होतं की हात वर केला तर ओला व्हावा.

रेंज नाही. हा आबांना बसलेला सगळ्यात मोठा धक्का. खुद्द कोयनेच्या काठावर बसलेत आणि कोयनेचा आकडा कळेना. थोडा वेळ मोबाईल हातात धरून इकडं तिकडं फिरले, एका दगडावर चढले, उतरले. मग कुठून तरी एक वाळलेली कारवीची काठी आणली, थोरलीकडून मार्कर मागून घेतला, बोटं लावून लावून काठीवर खुणा केल्या आणि पाण्याच्या कडेला रोवली. पोरं भोवती. "आबा हे काय?" "हा आपला आयर्विन पूल."

मग काय, पाचही पोरांना काम मिळालं. दर अर्ध्या तासानं एकानं जायचं, किती बोटं पाणी चढलं ते बघून यायचं आणि सांगायचं. जुळ्यांतल्या एकानं विचारलं क्युसेक म्हणजे काय, तर आबा म्हणाले एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा डबा घ्यायचा, त्यात अठ्ठावीस लिटर पाणी बसतं, म्हंजे आपल्या आंघोळीच्या दोन बादल्या धर, तेवढं एका सेकंदाला गेलं की एक क्युसेक. पायथ्याच्या वीजगृहाचं एक युनिट चालू केलं तर १०५० क्युसेक सोडतात. म्हंजे तू "एक" म्हणेपर्यंत एकवीसशे बादल्या. मग सगळी पोरं "एक, दोन, तीन" म्हणत बादल्या मोजायला लागली. मी चहा घेत लांबून ऐकत होते, शाळेत गणित असं शिकवलं असतं तर माझं काहीतरी झालं असतं.

सहा वाजता जो सुरू झाला तो झाला. परतीचा पाऊस, विजा, गडगडाट सगळं सामानासकट. कॅम्पफायरची लाकडं रचून ठेवली होती ती डोळ्यांदेखत भिजली. दादा छत्री धरून त्या लाकडांजवळ उभा होता, कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं. नवरा म्हणाला, "वेधशाळा काय म्हणते?" दादा म्हणाला, "दाजी, गप बसा."

सगळे त्या पत्र्याच्या शेडमध्ये. पत्र्यावर असा आवाज की बोलायचं तर ओरडून बोलायचं. सासूबाईंनी भडंगाचा डबा उघडला. सांगलीहून निघताना कुरकुरीत, खमंग, लसणाचा वास सुटलेलं भडंग आणि आता हात घातला तर सादळून मऊ, कापूस. डबा गाडीत कुणीतरी उघडून झाकण नीट लावलं नव्हतं. कुणीतरी म्हंजे पाच संशयित, पाचही जण नाही म्हणाले, पुण्याच्या भाच्याच्या टी-शर्टवर डाळं चिकटलेलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसरा डबा त्यांनी रात्रभर उशाला घेतला.

जेवण करायला गावातल्या एक मावशी आल्या होत्या. ओल्या लाकडाचा धूर शेडमध्ये कोंडलेला, डोळ्यांतून पाणी, आणि त्या धुरात त्या निवांत भाकरी थापत होत्या. नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा आणि तलावातल्या माशाचं कालवण. मी शेजारी बसून भाकरी शेकायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमाला धूर सोसायचा नाय." सोसत नव्हताच.

आबा तिथं खुर्ची ओढून बसले आणि विषय अर्थातच पाण्याचा. सांगली, गावभाग, जिन्यातल्या रेघा, २०१९ ला बोटीतून बाहेर काढलं ते, धान्याची पोती, सासूबाईंच्या लग्नातल्या साड्या, सगळं सांगितलं. मावशी ऐकत होत्या, हात थांबला नाही. आबांचं झाल्यावर म्हणाल्या, "आमचं सासरचं गाव ह्यातच हाय." भाकरी थापता थापता हनुवटीनंच पाण्याकडं दाखवलं. धरण झालं तेव्हा सासू नवी नवरी होती म्हणे. देऊळ, घर, भातखाचरं सगळं खाली. भावकीतली निम्मी माणसं लांब पुनर्वसनात गेली, काही इथंच वर सरकली. "तुमच्याकडं पाणी येतं नि जातं ओ," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं आलं ते ऱ्हायलंच."

आबा त्यावर काही बोलले नाहीत. आबा पाण्याच्या विषयावर गप्प बसलेले मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघितले. थोड्या वेळानं म्हणाले, "भाकरी एक नंबर झालीय."

झोपायची कथा मोठी आहे. टेंटवर जो वरचा कापडाचा पडदा असतो तो ताणून बांधायचा असतो, आतल्या कापडाला टेकता कामा नये, टेकला की तिथून पाणी पाझरतं. आमच्या टेंटचा टेकला होता. शिवाय पुण्याच्या भाच्यानं आतून बोटानं कापडावर स्वतःचं नाव लिहिलं, आणि मग त्या नावातून एकेक थेंब खाली थोरलीच्या कपाळावर. नवरा आणि दादा टॉर्च तोंडात धरून टेंटभोवती खुरप्यानं चर खणत होते, चर खणून पाणी बाजूला जायला पाहिजे होतं, ते चरातून वहिनीच्या टेंटमध्ये गेलं. वहिनी बाहेर आली. वहिनी साताऱ्यात शिक्षिका आहे, आवाज शिक्षिकेचा. पलीकडच्या काठावरच्या लोकांना पण कळलं असेल की चर कुठल्या बाजूला खणायचा.

साडेबाराला सगळे उठून परत शेडमध्ये. सतरंज्या अंथरल्या, मावशींनी दोन घोंगड्या दिल्या, बारा माणसं एका ओळीत, कुत्रं तेरावं. घोंगडीचा तो ओला मेंढीचा वास, चुलीतली धग, पत्र्याचा आवाज थोडा कमी झालेला, बाहेर बेडकांचं सामूहिक गायन. मला तर छान वाटायला लागलं होतं. एवढ्यात धाकट्यानं विचारलं, "आबा, धरण फुटत नाही ना?"

नाही म्हणून सोडून द्यायचं ना. पण आबा म्हणाले, नाही फुटत, पक्कं आहे, अरे ६७ चा भूकंप सोसला त्यानं. आणि मग भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, आबा सोळा वर्षांचे, सांगलीत त्यांच्या घरातली भांडी फळीवरून खाली, सगळी गल्ली रस्त्यावर. कोयनानगरला काय झालं ते नंतर कळलं. धरणाला भेगा पडल्या, त्या दुरुस्त केल्या, भिंत आणखी जाड केली. धरणात पाणी साठल्यामुळं जमीन हलते हे जगातल्या शास्त्रज्ञांनी इथंच येऊन अभ्यासलं. "अजून बारीक बारीक बसतात धक्के," आबा म्हणाले, "कळत पण नाहीत." अंधारातून वहिनीचा आवाज आला, "आबा, झोपा आता." आबा लगेच झोपले. मग आम्ही बाकीचे अकरा जण जागे, जरा कुत्र्यानं अंग खाजवलं तरी जमीन हलतेय का बघत.

सकाळी पाऊस थांबलेला. पाण्यावरून धूर निघावा तसं धुकं, समोरचा डोंगर अर्धाच. मी चहाचा कप घेऊन बाहेर आले तर काठीपाशी आबा आणि पाच पोरं, सगळे उकिडवे. रात्रीत चार बोटं चढलं होतं. आबांचा चेहरा काळजीचा, आणि थोडा आनंदाचा पण, खोटं कशाला बोलू, काठी बरोबर निघाली होती ना.

आणि तिथंच ते झालं. धाकटा खूण नीट बघायला आणखी एक पाऊल पुढं गेला, चिखलात पाय रुतला, पाय बाहेर आला आणि क्रॉक्स आतच राहिली, मग भाच्यानं ती काठीनं काढायला घेतली आणि काढून डायरेक्ट पाण्यात ढकलली. निळी क्रॉक्स, वर डायनासोरचं बटण. हलकी असल्यामुळं बुडली नाही, शांतपणे निघाली. दादानं दगड मारून लाटा करून परत आणायचा प्रयत्न केला, त्यानं ती आणखी लांब गेली. (दादाबद्दल मी आता काही लिहिणार नाही.) या सगळ्यात धाकट्याच्या उघड्या पायाला जळू लागलेली, ती वहिनीला दिसली. परत एकदा शिक्षिकेचा आवाज. मावशींनी येऊन कनवटीची तंबाखू जरा ओली करून जळवेवर चोळली, जळू गळून पडली, रक्त थोडा वेळ येत राहिलं. पण धाकट्याचं जळवेकडं लक्षच नव्हतं. त्याचे डोळे पाण्यावर आणि खालचा ओठ बाहेर.

"माझी क्रॉक्स कुठं चालली?"

आबा म्हणाले, "सांगलीला."

मी डोळे मोठे केले पण उशीर झाला होता. आबांनी काठी घेऊन चिखलात नकाशा काढला. हे धरण. सहा दरवाजे. दरवाजे उचलले की आली बाहेर, हेळवाक, पाटण, मग कराड. कराडला प्रीतिसंगमावर कोयना समोरून येऊन कृष्णेला भिडते, तिथं क्रॉक्सनं उजवीकडं जायचं नाही, डावीकडं जायचं नाही, पाणी नेईल तिकडं जायचं. मग बहे, भिलवडी, औदुंबर आणि मग आपला आयर्विन पूल. थोरली म्हणाली, "भिलवडीला मगरी आहेत, क्रॉक्सला क्रॉक खाईल," आणि ट्रिपमध्ये पहिल्यांदा स्वतःच्याच विनोदावर हसली. "आणि दरवाजे बंद असले तर?" धाकटा. तर मग अवघड आहे, आबा म्हणाले, नवज्याच्या बाजूला बोगद्यात शिरली तर सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला, तिथं वीज तयार करून वाशिष्ठीत, आणि वाशिष्ठीतून चिपळूण. "चिपळूणला आपलं कोणी आहे का?" धाकट्यानं विचारलं. सासूबाईंची मावसबहीण आहे. त्याला जरा बरं वाटलं.

परत येताना कासच्या पठारावर रेंज आली आणि आबांच्या फोनवर टुंग टुंग टुंग मेसेज. गाडी थांबवायला लावली. दरवाजे उचलले होते. आबांनी वाचून दाखवलं आणि मागच्या सीटवरून धाकटा "येस!" म्हणून ओरडला. कोयनेचे दरवाजे उघडले म्हणून आनंदानं ओरडलेला आमच्या गावभागातला हा पहिलाच माणूस. आबांनी मागं वळून बघितलं. मग हसायला लागले, त्यांना हसू आवरेना, सासूबाई पण, नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली.

पूर वगैरे काही आला नाही. पाणी थोडं वाढलं, उतरलं. पण पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी आजोबा आणि नातू आयर्विन पुलावर. आबा फूटपट्टी बघायचे, धाकटा पाणी. एका हातात ओळख पटवायला म्हणून दुसरी क्रॉक्स. येणारे-जाणारे ओळखीचे विचारायचे, काय ओ आबा, काय बघालाय, तर आबा म्हणायचे, "पाव्हणे यायचेत."

नवी चप्पल घेतली, ती घालतोय. जुनी एकटी निळी क्रॉक्स अजून आमच्या जिन्यात आहे. परवा साफसफाई करताना मी ती कचऱ्यात टाकली तर संध्याकाळी परत जागेवर. धाकटा शाळेत होता, म्हंजे आबांनीच काढली असणार. आणि खालच्या पायरीवर नाही ठेवली, २०१९ च्या रेघेच्या वर ठेवली आहे.